हरगिला आणि सिसेरू

कोलकात्याच्या दक्षिणेस असलेल्या बेहाला या उपनगराचे नाव मराठी माणसाच्या कानाला परके वाटते. बंगालीत बेहाला म्हणजे व्हायोलिन; परंतु गावाचा त्या वाद्याशी संबंध असल्याचे कोणी सांगत नाही. बेहाल्यातील बडिशा या वस्तीत सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याचे ठाणे होते. 10 नोव्हेंबर 1698 रोजी सुतानुटी, कोलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क त्यांच्याकडून तेराशे रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. तो दस्त बडिशाच्या आठचाल्यात झाला, अशी तेथील परंपरा आहे. ज्या भूमीवर शहराचा दस्त झाला, ती मात्र 1984 पर्यंत कोलकाता महापालिकेच्या हद्दीबाहेरच राहिली. त्यामुळे शहराच्या जुन्या ढालचिन्हाची छाया बेहाल्यावर कधी पडली नाही. त्या चिन्हाकडे बेहाल्याहून पाहणाऱ्याला काहीशी तटस्थता लाभते, ती यामुळेच.

ते चिन्ह 1896 साली लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सने बहाल केले. युरोपीय प्रथेप्रमाणे मध्ये ढाल, खाली लॅटिन बोधवाक्य, आणि ढालीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणारे दोन प्राणी. या दोन जागांवर सिंह किंवा काल्पनिक एकशृंगी घोडा उभा करण्याची चाल आहे. कोलकात्याच्या ढालीला मात्र चोचीत साप धरलेले दोन हरगिले सावरीत होते.

हरगिला हा करकोच्याच्या कुळातला पक्षी. उंची सुमारे पाच फूट, मान उघडी, गळ्याखाली लोंबती पिशवी. हाडे गिळतो म्हणून हाडगिला, हरगिला. त्याच्या ताठ, मोजून टाकलेल्या पावलांत इंग्रजांना पलटणीतला अधिकारी दिसला आणि त्यांनी त्याचे नाव ‘अ‍ॅडज्युटंट’ ठेवले. एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याच्या चित्रांत हे पक्षी मोठमोठ्या इमारतींच्या माथ्यावर बसलेले आढळतात. मेलेली जनावरे, कत्तलखान्यातील टाकाऊ मांस, नदीकाठची प्रेते, यांची विल्हेवाट ते लावीत. म्हणून त्यांना मारल्यास दंड होत असे. मृत ब्राह्मणांचे आत्मे त्यांच्यात वास करतात, अशीही एक समजूत होती.

माझ्या मते या निवडीत इंग्रजांकडून नकळत एक खरे बोलून गेले. आपल्याकडे निशाण, जरीपटका, शिक्का, बिरुदे यांची परंपरा जुनी आहे. ढालीची ही चित्रलिपी मात्र नव्हती. 1877 च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने संस्थानिकांकरिता अशी चिन्हे रेखाटली, आणि ती कापडावर भरून राजेरजवाड्यांना देण्यात आली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हातला नाग त्यातल्या त्यात घरचा. त्यांच्या कुळकथेतून आलेला. बाकी पुष्कळसे उसने होते. अशा काळात शहराची घाण उपसणाऱ्या पाखराला मानाच्या जागी बसवावे, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्या वर्णव्यवस्थेने ते काम करणाऱ्या माणसालाही कधी ढालीजवळ येऊ दिले नसते.

पण चिन्ह मिळाले तेव्हा पक्षी निरोप घेत होता. 1860 नंतरच्या दशकांत भुयारी गटारे झाली, उघड्यावरचे उकिरडे घटले, आणि शतक पालटता पालटता हरगिला कोलकात्यातून दिसेनासा झाला. त्याची उपयुक्तता संपली, तसा त्याच्यावरचा अधिकारही कोणी सांगितला नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर महापालिकेने ती ढालच उतरवली. परकीय सत्तेचे चिन्ह गेले हे योग्यच झाले. मात्र त्या चिन्हातला एकुलता एक देशी प्रवासीही त्याबरोबर गेला, याची फारशी कोणाला खंत झाली नसावी.

याउलट घडलेली एक कथा कॅरिबियन समुद्रात सापडते. डॉमिनिका हे सुमारे 750 चौरस किलोमीटरांचे डोंगराळ बेट. कोलंबस तेथे 3 नोव्हेंबर 1493 रोजी, रविवारी पोहोचला, आणि त्या वाराचेच नाव त्याने बेटाला दिले. नेमक्या त्याच तारखेस, 1978 साली, बेट इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाले. त्याच्या 1961 च्या ढालचिन्हात दोन्ही बाजूंना सिसेरू पोपट आहेत, आणि स्वतंत्र देशाच्या हिरव्या ध्वजावर, दहा ताऱ्यांच्या वर्तुळात, तोच पोपट बसला आहे. जांभळा रंग जगाच्या राष्ट्रध्वजांत अतिशय दुर्मीळ. तो येथे आला या पोपटाच्या छातीवरून. सिसेरू त्या बेटाबाहेर जगात कोठेही रानात राहत नाही. 2017 च्या मारिया वादळाने तेथील अरण्य उद्ध्वस्त केले, तेव्हा ध्वजावरचा पक्षी झाडांवर उरला आहे की नाही, हा त्या लहानशा राष्ट्रापुढचा खराखुरा प्रश्न ठरला. चिन्हाने पक्षी वाचतोच असे नाही; पण तो नाहीसा होत असता नजर चुकवणे कठीण होते.

हरगिल्याला अशी नजर मिळाली ती कोलकात्यात नव्हे, आसामात. कामरूप जिल्ह्यातील दादरा आणि पाचरिया या गावांत लोक त्याला अशुभ, ओंगळ मानून त्याच्या घरट्यांची झाडे तोडीत. पूर्णिमा देवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ स्त्रीने तेथील बायकांना एकत्र आणले. पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्या डोहाळजेवण घालू लागल्या, गाणी म्हणू लागल्या. त्यांच्या या मेळाव्याला ‘हरगिला सेना’ म्हणतात. 2022 साली संयुक्त राष्ट्रांनी बर्मन यांना पर्यावरणाचा सर्वोच्च सन्मान दिला, आणि 2023 साली हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून दोन पायऱ्या वर आला. आता त्या गावांतील मागांवर, साड्यांच्या आणि गामोशांच्या काठांवर हरगिला विणला जातो. लांब चोच, उघडी मान, लोंबती पिशवी, काहीही न लपवता.