ठाऊक असलेल्या निकालाची बातमी

जे घडणार हे साऱ्या गावाला आधीच ठाऊक होते तेच घडले, तर त्याला बातमी म्हणावे काय? प्रश्न वृत्तपत्राच्या कचेरीतला वाटतो. पण त्याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने 1908 साली देऊन ठेवले आहे.

‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना 24 जून 1908 रोजी अटक झाली. 13 जुलैस मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. न्यायाधीश दिनशा दावर. 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी हेच गृहस्थ बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते! टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि तो अनेक दिवस चालला. तरीही निकाल काय लागणार याविषयी फारच थोड्यांना शंका असेल. 22 जुलैच्या रात्री तो लागला. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड.

यात अनपेक्षित असे काय होते? काहीच नाही. मग 23 जुलैपासून सहा दिवस मुंबईत हरताळ का पडला? त्या काळी गिरणगावात आजच्या अर्थाची युनियन नव्हती. बहुसंख्य कामगारांना अक्षरओळखही नव्हती. तरी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवसांचा हरताळ झाला. सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. रशियाच्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल आपल्या लेखात घेतली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खटला चालू असतानाच काही गिरण्यांतून कामगार बाहेर पडू लागले होते. म्हणजे अंदाजानेही माणूस हलतो; पण तुटक तुटक हलतो. सारे शहर एकदम उठले ते निकालानंतरच. अंदाज ज्याचा त्याचा असतो. पक्की बातमी सर्वांची असते. शेजारच्या खात्यातल्या माणसालाही ती आत्ताच कळली आहे हे मला ठाऊक असते, आणि म्हणूनच पाऊल एकत्र पडते. शिवाय अंदाजाला आकडा नसतो. ‘शिक्षा होणार’ हा अंदाज. ‘सहा वर्षे, सात विरुद्ध दोन’ ही बातमी. त्या दोन मतांचीही इतिहासात नोंद राहिली, ती अंदाजाने राहिली नसती.

उलट उदाहरणही याच गिरणगावचे. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही. तो हरत चालला आहे हे सर्वांस दिसत होते. पण ‘संपला’ असे कोणी म्हटले नाही. ज्याचा शेवट जाहीर होत नाही त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. एकेक जण मुकाट्याने कामावर परतला, एकेक जण गावी गेला.

तात्पर्य, नवलाई ही बातमीची खरी कसोटी नव्हे. अन्याय तर बहुधा अपेक्षितच असतो. तेवढ्यासाठी तो छापायचा नाही असे ठरले तर अन्याय करणाराचे फावलेच! कारखान्याच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागते तेव्हा ‘हे होणारच होते, त्यात नवे काय?’ असे म्हणणारा शहाणा भेटतोच. त्याला इतकेच विचारावे: किती माणसे, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या सहीने? ही उत्तरे अंदाजात नसतात. ती मिळवून चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवणे, हेच बातमीचे काम होय.