गोष्ट कागदावर चालू राहिली

आमच्या घरात दखनी बोलली जायची, गल्लीत तेलुगू आणि कन्नड कानावर पडायची आणि मराठी भेटायची ती बाजारात. ही पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीची सोलापूरची गोष्ट. मला मराठी वाचायची गोडी कुठल्या कवितेनं लावली असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर ती लावली वेताळानं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक रोजाच्या भाड्यानं मिळत. शब्द अडला की चित्र मदतीला यायचं. अंक परत करायच्या वेळेपर्यंत चार नवे मराठी शब्द माझे झालेले असत.

टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं 1964 साली सुरू केलेली ही मालिका 1990 साली बंद पडली. वेताळ, मॅंड्रेक यांच्याबरोबर तिच्यात फ्लॅश गॉर्डनही असे. परग्रहावर जाऊन तिथल्या जुलमी राजाशी झुंजणारा हा वीर 1934 साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत चित्रमालिका म्हणून जन्मला आणि 1936 साली सिनेमाच्या पडद्यावर गेला. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही असाच आधी पुस्तकात रमला आणि 1987 साली दूरदर्शनवर आला. कागदावरून पडद्यावर, ही वाट आपल्या ओळखीची आहे.

मला आज बोलायचं आहे ते उलट वाटेबद्दल. पडद्यावरचा नायक कागदावर येतो तेव्हा काय होतं?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडमधलं. 23 नोव्हेंबर 1963 या दिवशी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामालिका सुरू झाली. तिचा नायक एका निळ्या पोलीस चौकीत बसून काळाच्या मागे-पुढे प्रवास करतो. चौकी बाहेरून कपाटाएवढी, आत मात्र वाड्यासारखी प्रशस्त! तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण या मालिकेच्या पहिल्या भागाचा दिग्दर्शक लखनौत जन्मलेला होता. वारिस हुसेन त्याचं नाव. इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार अतिया होसेन यांचा तो मुलगा. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता.

मालिका सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच, नोव्हेंबर 1964 मध्ये, ‘टीव्ही कॉमिक’ या मुलांच्या साप्ताहिकात डॉक्टरची चित्रकथा सुरू झाली. पडद्यावर त्याच्याबरोबर सुझन नावाची नात होती. कागदावर जॉन आणि गिलियन ही दोन नवीच नातवंडं अवतरली. पडद्यावर गाजलेले डालेक नावाचे धातूच्या कवचातले खलनायक मात्र या चित्रकथेला सुरुवातीला मिळाले नाहीत. ते दुसऱ्या एका साप्ताहिकाकडे गेले आणि 1965 पासून तिथं नायकाशिवायच त्यांची स्वतंत्र गोष्ट चालली.

स्टुडिओत एक डालेक बनवायचा तर सुतार हवा, रंगारी हवा, पैसा हवा. चित्रकाराला एका डालेकला जेवढी शाई लागते तेवढीच जास्त शाई दुसऱ्याला. त्यामुळे बीबीसीला न परवडणारी सैन्यं, शहरं, ग्रह कागदावर सहज उभे राहिले. 1979 साली डॉक्टरचं स्वतःचं साप्ताहिक निघालं, पुढे त्याचं मासिक झालं. त्यात सुरुवातीच्या चित्रकथा काढणारे डेव्ह गिबन्स नंतर ‘वॉचमेन’मुळे जगभर ओळखले गेले.

पण माझ्या मनाला भिडते ती यानंतरची गोष्ट. 1989 साली मालिका थांबली. 1996 साली एक दूरचित्रपट तेवढा आला, पॉल मॅकगॅन या नटानं त्यात आठवा डॉक्टर उभा केला आणि पुन्हा पडदा काळा झाला. चित्रकथा मात्र थांबली नाही. पडद्यावर जेमतेम दीड तास दिसलेला तो आठवा डॉक्टर मासिकाच्या पानांत पुढची कितीतरी वर्षं फिरत राहिला. मार्च 2005 मध्ये मालिका परतली तेव्हा तिची वाट पाहणारे वाचक जागेवर होते. गोष्टीची चूल विझू दिली नव्हती ती कागदानं.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. 13 सप्टेंबर 1997 रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली. ‘महाभारत’मधले भीष्म, मुकेश खन्ना, आता लाल पोशाखात गरगर फिरत आकाशात झेपावू लागले. एरवी हाच नायक वर्तमानपत्रातला बावळट छायाचित्रकार गंगाधर. त्याची शक्ती योगसाधनेतून आलेली आणि समोर डॉक्टर जॅकालसारखा प्रयोगशाळेत उद्योग करणारा वैज्ञानिक. योग आणि विज्ञानकथा यांची अशी खिचडी आपल्याकडेच शिजायची! दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सनं त्याच्या हिंदी चित्रकथा काढल्या आणि त्या आमच्या स्टेशनवरच्या बुकस्टॉलपर्यंत पोचल्या.

माझा थोरला भाऊ इथल्या एका कापडगिरणीत होता. नव्वदीच्या दशकात गिरणी बंद पडली. आधी भावजयीच्या बांगड्या गेल्या, मग सायकल, मग टीव्ही. त्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. रविवारी दुपारी तो शेजाऱ्यांच्या दारात उभा राहायचा. एके दिवशी त्या घरात पाहुणे होते, दार लावलेलं होतं. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. “चाचा, आगे क्या हुआ?” मला तरी कुठं ठाऊक? मी स्टेशनवर गेलो आणि शक्तिमानचं एक कॉमिक घेऊन आलो. त्यातली गोष्ट त्या रविवारची नव्हतीच. त्याची त्याला पर्वा नव्हती.

तो उर्दू शाळेत जायचा, देवनागरी त्याला अडखळत यायची. पण चित्राच्या बोटाला धरून तो एकेक अक्षर चालत गेला. हा पोरगा माझ्याच रस्त्यानं निघालाय हे माझ्या लक्षात आलं. वर्षभरात तो दुकानांवरच्या मराठी पाट्या घडाघडा वाचू लागला.

मग मलाही दर वेळी कॉमिक आणणं जमेना. तेव्हा त्यानं स्वतःच गोष्ट पुढे न्यायला घेतली. जुन्या हिशेबाच्या वहीत, कोऱ्या पानांवर, लाल पेन्सिलीनं. एकदा त्यानं ती वही मला दाखवली. शक्तिमान सोलापूरवर घिरट्या घालत होता. खाली गिरणीची चिमणी होती आणि तिच्यातून धूर निघत होता. दारात रांगेनं कामगार उभे होते, त्यातल्या एकाच्या हातात जेवणाचा डबा. वर मोठ्या अक्षरांत भोंग्याचा आवाज लिहिला होता. भोंगा वाजवत होता अर्थातच शक्तिमान.

भाऊ मागे येऊन उभा होता ते आम्हाला कळलंच नाही. त्यानं वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता हा रडणार किंवा चिडणार. त्यानं मुलाकडे पेन्सिल मागितली आणि म्हणाला, “चिमनी इससे ऊंची थी.”

आणि पानाच्या वरच्या कडेपर्यंत त्यानं ती चिमणी वाढवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)