एलच्चीट्टू : लिलावाचा धारावीतला भाऊ

मध्य प्रदेशातल्या सौंसरला मालाची बोली लागली की सरकारी हिंदी कागद तिला नीलामी म्हणतो आणि घरची मराठी लिलाव. दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘लैलांव’वरून आले. लिलाव गोव्याच्या वाटेने आपल्यात आला, हेही जुनेच ठाऊक आहे. याच कुळातला तिसरा भाऊ मुंबईत, धारावीच्या तमिळ वस्तीत आहे. तिथल्या धंद्यांना भांडवल पुरवणाऱ्या चिट्टीच्या नावात तो आहे : एलच्चीट्टू.

चीट्टू म्हणजे कागदाचा तुकडा. चिठ्ठ्या टाकून पाळी ठरते ती कुलुक्कल चीट्टू; ती थेट आपली भिशीच. एलच्चीट्टूत बोली लागते. समजा, वीस जणांनी महिन्याला 5,000 भरले, एक लाख जमले. ज्याला पैशाची निकड आहे तो 15,000 सोडायला तयार होतो आणि 85,000 उचलतो. सोडलेल्यातले 5,000 चिट्टी चालवणाऱ्याचे. उरलेले 10,000 सर्वांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाला त्या महिन्यात 4,500 च पडतात. व्याज ठरवायला बँक लागत नाही. ते त्या दिवशीची गरज ठरवते.

तारण कसले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिरुनेलवेलीकडून कातडी कमावणारे लोक धारावीत आले, मागोमाग त्यांचे गाववाले. कागदपत्रे कुणाकडे नव्हती, पण कोण कुणाचा मुलगा, त्याची सोयरीक कुठे झाली, हे सगळ्यांना माहीत होते. हप्ता बुडवणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही, हेच तारण. चामड्याच्या वस्तूंचा गाळा काय, पहाटेची इडली काय, अशाच भरवशावर उभी राहते.

आता खरा वाद. तमिळमध्ये लिलावाला ‘एलम्’ म्हणतात; एलच्चीट्टूतला ‘एल’ तो हाच. हा शब्द अरबीतून थेट आला, असे एक मत आहे. अरबीत ‘इअलाम’ म्हणजे जाहीर करणे, आणि तिरुनेलवेलीच्या किनाऱ्यावरच्या कायलपट्टणमला अरबांचा व्यापार पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा. मत वजनदार आहे, पण शेजारची मल्याळम त्याच्या आड येते. तिथे हाच शब्द ‘लेलम्’ आहे. सुरुवातीचा हा ‘ल’ नुसत्या ‘इअलाम’मधून येत नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते पोर्तुगीज शब्दही मूळचा अरबीच, आणि त्याला तो ‘ल’ चिकटला अरबी ‘अल्’मधून. मग तमिळने तो का टाकला? जुन्या तमिळ व्याकरणाला शब्दारंभी ‘ल’ चालतच नाही. ‘लोक’चेही तिथे ‘उलकम्’ होते.

आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोव्याच्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादोंनी 1913 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यांत हा शब्दही आहे. 1530 च्या दशकात तुतिकोरिनचा मोत्यांचा किनारा पोर्तुगीजांच्या हाती गेला. पुढे इंग्रजी अमलात तिथे शिंपल्यांचे ढीग लिलावानेच विकले जात. शब्द रुजला असणार तो याच मोत्यांच्या बाजारात. आणि धारावीचे तिरुनेलवेलीकर आले ते याच किनाऱ्यामागच्या मुलखातून. एलम् पोर्तुगीज कुळाचाच.

राहिला वरच्या हिशेबातला चिट्टी चालवणाऱ्याचा वाटा. तो 1982 च्या केंद्रीय चिट फंड कायद्याने पाच टक्क्यांवर बांधला होता. 2019 च्या दुरुस्तीने तो सातवर नेला.