जखम भरली, कळ राहिली

आमच्या खालाला नागीण झाली ती ऐन पावसाळ्यात. पाठीपासून बरगडीखालून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. तीन-चार आठवड्यांत फोड वाळले, खपल्या पडल्या, घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. खालाची मात्र सुटका झाली नाही. "ओढनी लगी तो बी आग होती रे," म्हणायची. जुन्या बाजारातल्या घरात कुर्ता अंगापासून धरून बसायची. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता काही नाही, मन रमवा. घरच्यांनी ते उचलून धरलं. मीही.

या दुखण्याचा इतिहास वाचायला मी लागलो तो नंतर, थोडा शरमेनं.

अकराव्या शतकात इब्न सीनानं 'अल-कानून'मध्ये वेदनेचे 15 प्रकार नोंदवले आहेत. टोचणारी, ठणकणारी, खाजरी, बधीर करणारी. म्हणजे हकिमानं 'दुखतं का' एवढ्यावर न थांबता 'कसं दुखतं' हे ऐकायचं होतं. आपलं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामी राज्यात होतं, तेव्हाही वेदनेवर मोठं काम झालं. 1889 साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशावर हैदराबादेत दुसरं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. लंडनच्या 'लॅन्सेट'नं त्यासाठी लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदयाला थेट धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. तो पुढे चुकीचा ठरला, पण तो वेगळा विषय. ती धडपड शस्त्रक्रियेच्या वेदनेसाठी होती. जखम भरल्यावरही राहणाऱ्या कळेचं काय?

तिची दखल अमेरिकेच्या यादवी युद्धात वीअर मिचेल यांनी घेतली. गोळीनं मज्जातंतू दुखावलेले सैनिक, जखमा भरलेल्या, तरी हातापायाची आग आग. मिचेल यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि 1872 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. गंमत अशी की हेच मिचेल पुढे 'नाजूक नसांच्या' बायकांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहण्याचा उपचार देण्यासाठी प्रसिद्ध झाले.

आग का राहते, याचा एक धागा माद्रिदमध्ये सापडला, पण तो वेदनेशी जोडला जायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली. 1919 साली पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराची खास रंगद्रव्य-पद्धत वापरून मेंदू आणि मज्जारज्जूतल्या इवल्याशा पेशी वेगळ्या ओळखल्या. नाव दिलं मायक्रोग्लिया. एरवी फांद्या पसरून बसलेल्या या पेशी इजा झाली की आकार बदलतात, तिकडे सरकतात, मोडतोड गिळतात. मज्जासंस्थेचे पहारेकरीच म्हणा ना. नोबेलविजेते काहाल यांच्याशी ओर्तेगांचं बिनसलं, 1920 मध्ये प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनमधल्या यादवी युद्धानं देशही सुटला. 1945 मध्ये ब्युनोस आयर्समध्ये ते वारले.

2003 साली जपानच्या माकोतो त्सुदा आणि काझुहिदे इनोउए यांनी, टोरंटोच्या मायकेल सॉल्टर यांच्यासोबत, एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराचा मज्जातंतू दुखावला की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लियावर पी-टू-एक्स-फोर नावाचे ग्राहक वाढतात. ते अडवले की साध्या स्पर्शाची कळ उतरते. याहून बोलकं पुढचं आहे. अशा चेतवलेल्या पेशी धडधाकट उंदराच्या मज्जारज्जूभोवती सोडल्या, तर त्याला जखमेविनाच स्पर्श सोसवेना. दोन वर्षांनी कारणही दिसलं. या पेशी एक प्रथिन सोडतात, त्यानं वेदनेचा निरोप वर नेणाऱ्या चेतापेशींना आवर घालणारी यंत्रणा ढिली पडते. ओढणीचा निरोप मग आगीचा होऊन पोचतो. हे वाचलं त्या रात्री मला खालाचा कुर्ता धरलेला हात आठवत राहिला.

आता गोम. हे प्रयोग प्रामुख्यानं नर प्राण्यांवर होत. 2015 मध्ये रॉबर्ट सॉर्ज, जेफ्री मोगिल आणि सॉल्टर यांच्या गटानं माद्याही तपासल्या. नरांत मायक्रोग्लिया रोखल्या की दुखणं उतरलं, माद्यांत नाही. दुखणं दोघांना सारखंच, पण माद्यांत ते बहुधा टी-पेशींच्या वाटेनं येतं.

औषधाच्या बाजूनं हाती फारसं आलेलं नाही. या पेशींना शांत करू पाहणारं प्रोपेंटोफायलिन नेमकं नागिणीनंतरच्या दुखण्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं; 2012 मध्ये छापलेल्या निकालात ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आज मिळतात त्या गॅबापेंटिनसारख्या गोळ्या. त्या चेतापेशींची कुरकुर कमी करतात. आणि 2022 मध्ये त्सुदांच्याच गटाला उंदरांत मायक्रोग्लियाचा असा एक प्रकार सापडला, जो दुखणं उतरायला मदत करतो. तो काढून टाकला की कळ परत येते. म्हणजे सगळ्याच पहारेकऱ्यांना गप्प करून चालणार नाही.

खालाला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा उतार आहे. परवा तिला उंदरांची हकीकत सांगितली. नर आणि माद्यांचं ऐकून ती बराच वेळ हसली. मग ओढणी सावरत म्हणाली, "मतलब चुहियों को बी किसीने नई पूछा?"