नोटगेल्ड: जर्मन गावांचा पैसा आणि गावांची ओळख

पहाडगंजच्या दुकानात दोन रुपये सुटे नसले की हातावर टॉफी ठेवतात. 1914 मध्ये जर्मनीत हीच अडचण देशभर आली. महायुद्ध सुरू होताच लोकांनी चांदीची नाणी दडवली, पुढे तांबे आणि निकेल शस्त्रांसाठी गेले. तेव्हा नगरपालिका, बचत बँका आणि कारखाने यांनी स्वतःच कमी किमतीच्या नोटा काढल्या. हेच नोटगेल्ड, म्हणजे अडचणीच्या वेळचा पैसा. तो साधारणपणे त्या गावात आणि आसपासच चाले.

चलन गावापुरते, म्हणून पुढे चित्रेही गावाचीच आली. हामेल्नने आपला पुंगीवाला छापला. बीलेफेल्ड हे कापडाचे शहर, त्याने रेशमावर नोटा काढल्या. मायसेनने तर चिनी मातीची नाणी पाडली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्या नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा मोरवी, नवानगर, जुनागढ, बुंदी अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची कॅश कूपने काढली. त्यांवर राजचिन्ह किंवा संस्थानिकाचे चित्र असे. तिथे बोलत होती सत्ता, गाव नव्हे.

मात्र जर्मन गावही कुणाशी बोलत होते, हे विचारायला हवे. 1920 नंतरच्या अनेक रंगीत मालिका बाजारासाठी नव्हत्याच. त्या संग्राहकांच्या अल्बमसाठी छापल्या गेल्या. अल्बममध्ये गेलेली नोट वटवायला परत येत नाही आणि तिची रक्कम पालिकेकडेच राहते! म्हणून या चित्रांकडे पुरावा म्हणून पाहताना ती विक्रीसाठी निवडलेली आहेत, हे धरून चालावे.

मेक्लेनबुर्गमधील श्टेर्नबेर्गचे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. 1492 मध्ये तिथे पवित्र प्रसाद विटाळल्याच्या आरोपावरून 27 ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. गावाच्या नोटगेल्डवर हीच घटना चित्रित झाली. इतर गावांनी लोककथा निवडल्या, या गावाने हे निवडले. शेजारच्या ज्यू कुटुंबाच्या हातात ती नोट पडली असेल तेव्हा ‘आपले गाव’ या शब्दांत ते कुटुंब बसत होते का? माझ्या मते नोटगेल्डच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि कौतुकाने लिहिलेल्या लेखनात तो सहसा येत नाही.

जुलै 1922 मध्ये सरकारने नोटगेल्डवर बंदी घातली, पण महागाईने ती टिकू दिली नाही. 1923 च्या नोटा लाखांच्या, मग अब्जांच्या. पुष्कळ एकाच बाजूने छापलेल्या. चित्रांना वेळ कुणाला होता? बाउहाउसच्या हर्बर्ट बायरने थुरिंगिया राज्यासाठी केलेल्या नोटांवर तर ठळक आकडे आणि अक्षरेच आहेत. नोव्हेंबरात रेंटेनमार्क आला: एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक.