निपुत्रिकाचें धन

मृत्युपत्राचा विषय आमच्या मध्यमवर्गीय घरांतून अद्यापि अशुभ मानला जातो. घर बांधतांना वास्तुशांत चुकत नाहीं, मुलीच्या लग्नाचा खर्च दहा वर्षें आधीं मांडला जातो. परंतु आपल्या पश्चात् हें सर्व कोणाकडे जावें हें लिहून ठेवण्याची गोष्ट निघाली कीं वडील माणसें विषय बदलतात. मग तेरावा दिवस उलटतांच कपाटांतील कागद बाहेर येतात, आणि ज्यानें कांहींच लिहून ठेविलें नाहीं त्याच्या वतीनें शास्त्र व कायदा बोलूं लागतात. मुलेंबाळें असलीं तर प्रश्न बहुधा वाटणीपुरता असतो. खरा पेंच पडतो तो निपुत्रिकाच्या मागें. एका बाजूस त्याची विधवा, दुसऱ्या बाजूस त्याचे भाऊ, आणि दाराशीं, बहुतकरून मुकाट्यानें, उभी असलेली त्याची बहीण. या तिघांची क्रमवारी हिंदु कायद्यांत कशी ठरत गेली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

या क्रमवारीचें मूळ याज्ञवल्क्यस्मृतींतील एका लहानशा वचनांत सांपडतें. पुत्रहीन मनुष्य वारला असतां त्याचें धन प्रथम पत्नीनें घ्यावें, तिच्या अभावीं मुलींनीं, मग आईबापांनीं, मग भावांनीं व त्यांच्या मुलांनीं, पुढें गोत्रजांनीं व बंधूंनीं, आणि कोणीच नसेल तर शिष्यानें किंवा सहाध्यायानें, असा तो क्रम आहे. आज यांत कोणास नवल वाटणार नाहीं. परंतु नारदाचीं वचनें शेजारीं ठेविलीं म्हणजे त्यांतील धाडस ध्यानांत येतें. तेथें धन भावांचें आणि विधवेस केवळ अन्नवस्त्र. या विरोधांतून टीकाकारांनीं नाना वाटा काढिल्या. धारेश्वराच्या मतें पत्नी नियोगास तयार असेल तरच तिला धन मिळावें. श्रीकराच्या मतें धन थोडें असेल तर तें पत्नीनें घ्यावें. पुष्कळ असेल तर भावांनीं. हें दुसरें मत आम्हांस फार बोलकें वाटतें. विधवेचा हक्क रकमेच्या व्यस्त प्रमाणांत मोजण्याची ही रीत ग्रंथांतून गेली, तरी घराघरांतून पुरती गेली आहे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

हीं दोन्ही मतें खोडून काढिलीं तीं विज्ञानेश्वरानें. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (इ. स. १०७६ ते ११२६) त्यानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पत्नी पहिली, धन थोडें असो वा पुष्कळ, असा त्याचा निर्णय आहे. मात्र पति भावांपासून विभक्त झालेला असला पाहिजे. नारदादिकांचीं वचनें त्यानें अविभक्त किंवा पुन्हा एकत्र झालेल्या भावांकडे लावून दिलीं.

त्या ‘विभक्त’ शब्दांत पुढील आठशें वर्षांतील विधवांचें भवितव्य सांठविलें होतें. वाटणी झालेली असेल तर विधवा धनाची स्वामिनी. झालेली नसेल तर नवऱ्याचा हिस्सा हयात भावांच्या हिश्श्यांत विरून जाई, आणि त्याच घरांत तिला पोटगीवर राहावें लागे. म्हणून जुन्या दाव्यांतून चूल केव्हां निराळी झाली, देवघर केव्हां वेगळें मांडलें, यांच्या साक्षी काढलेल्या आढळतात. एकत्र कुटुंबाचें कौतुक आमच्या साहित्यांत पुष्कळ झालें आहे व तें अगदींच खोटें नाहीं. परंतु धाकट्या भावाची बायको त्या वाड्यांत कोणत्या कायद्याच्या छायेखालीं झोंपत असे, हेंहि त्याबरोबर सांगावयास हवें होतें.

आतां बहीण. याज्ञवल्क्याच्या क्रमांत तिचें नांवच नाहीं. तें शोधण्यासाठीं पंडितांनीं व्याकरणाकडे धाव घेतली. ‘पितरौ’ या शब्दाचा अर्थ दोन बाप असा नव्हे, आई आणि बाप असा आहे. दोन शब्दांपैकीं एकच मागें उरतो, त्यास वैयाकरण एकशेष म्हणतात. या शब्दाचा विग्रह करितांना आई आधीं येते, म्हणून विज्ञानेश्वरानें वारसा बापाच्या आधीं आईस दिला. हाच न्याय ‘भ्रातरः’ या शब्दास लावून नंदपंडित व बाळंभट्ट यांनीं भावांत बहिणींचाहि समावेश होतो असें प्रतिपादिलें. पाणिनि त्यांच्या बाजूस होता. परंतु बहिणीस भावाच्या शेजारीं बसविण्यास पुढें न्यायालयें तयार झालीं नाहींत.

तिला पक्की जागा मिळाली ती निराळ्याच युक्तिवादानें. मूळच्या पैठणच्या व काशींत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें सतराव्या शतकांत ‘व्यवहारमयूख’ लिहिला. तो म्हणतो, लग्नानंतर बहीण भावाची सगोत्र उरत नाहीं हें खरें. परंतु वचनांतील शब्द सगोत्र नव्हे, गोत्रज आहे, आणि भावाच्या गोत्रांत तिचा जन्म झालेला आहेच. विवाहानें गोत्र पालटतें. जन्म कसा पालटणार? एवढ्या सरळ विचारानें त्यानें तिला आजीच्या पाठोपाठ, चुलत्यांच्या व चुलतभावांच्या पुढें, उभी केली.

गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोंकण या भागांत मयूखाचें प्रामाण्य मुख्य मानलें जाई. विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या प्रसिद्ध दाव्यांत बहिणीचा हा हक्क मुंबईच्या न्यायालयानें आणि १८६४ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलानें उचलून धरिला. बंगालच्या दायभागांत त्या वेळीं बहीण वारस नव्हतीच, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निकालाचें मोल कळेल. परंतु यांतून एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. मुंबई इलाख्यांत बहिणीकडे आलेलें धन पूर्णपणें तिचें होई. ती तें विको अथवा कोणास देवो. विधवेचा हक्क मात्र हयातीपुरताच राहिला. विज्ञानेश्वरानें वारशानें आलेलें धनहि स्त्रीधनांत गणलें होतें. तथापि १८६७ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें, पतीकडून आलेलें धन विधवेचें स्त्रीधन नव्हे, असा निर्णय दिला. सबळ गरजेवांचून तिनें शेत विकलें तर दीर वा पुतणे दावा लावीत, आणि ती वारली म्हणजे धन पतीच्या वारसांकडे परत जाई. रांगेंत जी पहिली तिला उपभोग, आणि जी मागची तिला मालकी!

पुढील टप्पे परिचित आहेत. १९२९ च्या कायद्यानें मिताक्षरेच्या सर्व प्रदेशांत बहिणीस चुलत्याच्या आधीं स्थान मिळालें. १९३७ सालीं डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानें एकत्र कुटुंबांतील विधवेस नवऱ्याचा हिस्सा मिळूं लागला, तोहि हयातीपुरताच. शेवटीं १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेस पूर्ण मालकी दिली. निपुत्रिक पुरुषाचें धन आतां विधवा व आई समान घेतात. त्या नसतील तर बाप, आणि त्याच्यामागें भाऊ व बहीण एकाच पायरीवर. बाळंभट्टानें व्याकरणांतून जें काढिलें तें कायद्यानें साध्या शब्दांत लिहिलें.

येथवर आम्ही मृत पुरुषाविषयीं बोलत आलों. स्त्री वारली म्हणजे काय होतें, हें त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमांत आहे, आणि आमच्या सुशिक्षित स्नेह्यांपैकीं तें फार थोड्यांनीं वाचलें आहे. तिला मुलें नसतील व पति हयात नसेल, तर तिचें स्वकष्टार्जित धन प्रथम पतीच्या वारसांकडे जातें; त्यांच्यामागें तिचे आईबाप; आणि त्यांच्याहि मागें, बापाचे वारस म्हणून, तिचे भाऊ-बहीण. आईबापांकडून वारशानें आलेल्या धनापुरता तेवढा अपवाद आहे. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढिलेलें एक प्रकरण असें आहे. एका स्त्रीचा विवाह १९५५ सालीं झाला आणि तीन महिन्यांच्या आंत पति वारला. सासरच्यांनीं तिला घराबाहेर काढिलें. माहेरीं ती शिकली, नोकरीस लागली, आणि १९९६ सालीं मृत्युपत्र न करितां वारली. बँकेंतील ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधि एवढें तिचें धन. तिच्या आईनें तें मागितलें, आणि आईनंतर तिच्या भावानें. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत व सहानुभूतीनें ते बदलत नाहींत, असें न्यायालयानें सांगितलें. आणि एकेचाळीस वर्षांपूर्वीं वारलेल्या त्या पतीच्या बहिणीच्या मुलांना तें सर्व धन मिळालें.