सर्वांदेखत सांगणे

द्रोणागिरी हे उरणजवळच्या डोंगराचे नाव, आणि सिडको या सरकारी शहर-नियोजन महामंडळाने या परिसरात आखलेल्या उपनगराचेही. उपनगरात सेक्टर आणि भूखंड क्रमांक आहेत. अधेमधे बोकडवीरा, फुंडे, नवघर, भेंडखळ ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे आहेत. इतर गावांप्रमाणे इथलीही दवंडी संपली, आणि तिच्या अंताचे कारण सहसा एका वाक्यात सांगितले जाते: वर्तमानपत्र आले, लाउडस्पीकर आला, मोबाइल आला, मग डफ कोण वाजवणार? हे उत्तर अर्धेच आहे. दवंडी दोन कामे करी. एक, बातमी पोहोचवणे; दुसरे, ती सर्वांदेखत सांगणे. पहिले काम मोबाइलने घेतले. दुसरे काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलेले नाही, आणि ज्या भागात जमिनीचे व्यवहार गावाचे भवितव्य ठरवतात तिथे ही उणीव सर्वांत महाग पडते.

या दुसऱ्या कामाचे महत्त्व कायद्याने फार पूर्वी ओळखले होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या मालमत्तेवर किंवा तिच्या लगत डफ वाजवून अथवा रूढ पद्धतीने पुकारायला सांगितले आहे. ज्याची जमीन जप्त होते त्याला नोटीस देता येतेच. पण पुकारा शेजाऱ्यासाठी, सावकारासाठी, उद्या ती जमीन विकत घेऊ पाहणाऱ्यासाठीही असतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानेही राजपत्रातील अधिसूचना पुरेशी मानली नाही. तिचा सारांश त्या भागात सोयीच्या ठिकाणी जाहीर करण्याचे बंधन घातले. राजस्थानच्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये खूबचंद खटल्यात निकाल दिला की स्थानिक जाहीर सूचना अनिवार्य आहे. ती दिली नसेल तर अधिसूचना निरर्थक ठरते. म्हणजे राजधानीत छापलेला कागद आणि गावात उच्चारलेला शब्द यांतला फरक न्यायालयाला औपचारिक वाटला नाही.

द्रोणागिरी ज्या नवी मुंबईचा भाग आहे तिच्यासाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्याच वर्षी सिडकोची स्थापना झाली. मोबदल्याचा वाद दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली पेटत गेला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान आणि नवघर येथे झालेल्या पोलिस गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली ती या लढ्यामुळे. हा लढा दराचा आणि हक्काचा होता, सूचना मिळाली की नाही याचा नव्हता. तरीही तो एक गोष्ट दाखवतो: सरकारला उत्तर द्यायला माणसे एकत्र यावी लागतात, आणि एकत्र यायचे तर आपल्याला जे कळले तेच शेजाऱ्यालाही कळले आहे याची खात्री असावी लागते. दवंडी हुकूम राजाचा सांगे, पण ऐकणारा जमाव गावाचा असे.

यावर पहिला आक्षेप जातीचा आहे आणि तो खरा आहे. महाराष्ट्रात दवंडी हे बहुतेक ठिकाणी महार वतनातले काम होते, म्हणजे जन्माने लादलेली, तुटपुंज्या मोबदल्याची सेवा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्धच. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. म्हणून डफ आणि डफवाला यांच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण ज्या कामासाठी एका जातीला राबवले, ते काम सार्वजनिक होते. वतन संपल्यावर ते पगारी कर्मचाऱ्याकडे जाणे रास्त, नाहीसे होणे नव्हे. दुसरा आक्षेप असा की दवंडी पुष्कळदा कागदावरच होई: पंचांच्या सह्या होत, डफ कुणी ऐकत नसे. तेही मान्य. मात्र खोट्या दवंडीला गाव साक्षीनिशी आव्हान देऊ शकत होते. संकेतस्थळावर चढवलेली सूचना खरीच असते, फक्त ती कुणी पाहिली नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

तिसरा आक्षेप व्हॉट्सअॅपचा. गटावर संदेश क्षणात फिरतो, पण गटाबाहेर कोण राहिले ते दिसत नाही. मासेमारीला गेलेला खलाशी, फोन नसलेली म्हातारी, नव्या इमारतीतला भाडेकरू यांना वगळले गेल्याचे त्यांनाही कळत नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणीची बातमी जिथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे डफ वाजवून किंवा नभोवाणी-दूरचित्रवाणीवरून द्यावी, असे म्हटले आहे. हेतू चांगला, पण त्यामागचे गृहीतक चुकीचे: दवंडी ही वर्तमानपत्राची गरीब बदली नाही. जवाहरलाल नेहरू बंदराच्या शेजारी, जिथे जानेवारी २०२४ पासून रेल्वे थेट उरणपर्यंत धावते, तिथे वर्तमानपत्र सगळीकडे पोहोचते. म्हणूनच इथे दवंडीची गरज नाही असे ठरते. उलट इथेच जुन्या गावठाणात आणि नव्या सेक्टरात राहणाऱ्यांना एकमेकांचे काही माहीत नसते. संपादन, खाडीतील भराव किंवा पुनर्वसन यांची प्रत्येक सूचना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, गावात आणि सेक्टरात मोठ्याने वाचली जावी, वाचणारा पगारी असावा, आणि हजर असलेल्यांच्या हरकती तिथल्या तिथे नोंदवाव्यात. एवढे केले नाही, तर ती सूचना कितीही ठिकाणी छापली तरी जाहीर झाली असे मानू नये.